पापुद्र्याला बोलते करताना

तळहाताएवढा, रुपेरी, मिठाईवरच्या वर्खासारखा तकतकीत आणि फुंकर मारली तर टेबलावरून उडून जाईल इतका हलका असा एक पापुद्रा. त्याच्या दोन पृष्ठांना चिकटवलेल्या दोन तारा. आणि त्या तारांच्या दुसऱ्या टोकाला, आठ ओहमच्या रोधकावर दोन दिवस तपासलेला, सगळ्या कसोट्यांना उतरलेला आणि म्हणून मी निःशंक मनाने मांडलेला एक विवर्धक, म्हणजे ॲम्प्लिफायर: एवढी सिद्धता झाल्यावर मी खटका दाबला, तेव्हा पापुद्र्यातून गाणे तर राहोच, साधी खरखरही ऐकू आली नाही, आणि मिनिटभरातच ॲम्प्लिफायरच्या पाठीवरचा ॲल्युमिनियमचा शीतक, ज्याला बाजारात हीटसिंक म्हणतात, बोट ठेववणार नाही इतका तापला. घाईघाईने खटका बंद केला, पापुद्रा सोडवून घेतला आणि त्याच्या जागी घरातला जुना ध्वनिक्षेपक जोडला, तो विवर्धक पूर्वीसारखाच गोड वाजू लागला.

म्हणजे विवर्धक निर्दोष होता, पापुद्राही निर्दोष होता, आणि तरी दोघांचे जमले नाही. विवर्धक एकदा उत्तम बांधला की त्याच्या दाराशी कोणीही येऊन उभा राहिला तरी तो सारख्याच औदार्याने देतो, असे आपण समजून चालतो, आणि दुकानांतून मिळणारे बहुतेक ध्वनिक्षेपक एकाच जातीचे असल्यामुळे हा समज सहसा खोटा ठरत नाही. पातळ पटलाचा ध्वनिक्षेपक निराळ्या जातीचा. त्याची मागणी निराळी, देण्याघेण्याचा शिरस्ता निराळा. त्याच्यासाठी विवर्धक बांधायचा आणि तपासायचा तर आधी त्याची कैफियत ऐकून घेणे प्राप्त असते. ती मला जशी उमगत गेली तशी, विजेच्या कामाशी फारसा संबंध न आलेल्या वाचकालाही कळावी अशा बेताने, येथे मांडतो आहे.

आपल्या नित्य परिचयाचा ध्वनिक्षेपक, मग तो घरातल्या रेडिओतला असो की मोटारीच्या दारातला, ज्या रचनेचा वंशज आहे तिचे शास्त्र चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघा अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली प्रसिद्ध केले. लोहचुंबकाच्या अरुंद फटीत तारेची एक गुंडाळी असते. तिच्यातून प्रवाह वाहिला की ती पुढेमागे सरकते, तिला चिकटवलेला कागदी शंकू हवेला ढकलतो, आणि ध्वनी उमटतो. या गुंडाळीला प्रवाह पुष्कळ लागतो, विद्युद्दाब थोडा पुरतो; आठ ओहमच्या ध्वनिक्षेपकाला १० वॅट पुरवायचे तर अवघे ९ व्होल्ट पुरे होतात, पण प्रवाह मात्र १ अँपिअरहून अधिक द्यावा लागतो. गेल्या शंभर वर्षांत जगात जे विवर्धक झाले, त्यांतले बहुसंख्य या एकाच ग्राहकाची आवड लक्षात ठेवून घडवलेले आहेत.

पापुद्र्याची कुळकथा त्याहून जुनी. गारगोटीसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठांवर विद्युद्भार प्रकट होतो, हे झाक आणि पिएर या क्यूरी बंधूंनी १८८० साली पॅरिसमध्ये दाखवून दिले. पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमन यांनी केवळ गणिताच्या आधारावर असे सांगितले की याच्या उलट क्रियाही घडलीच पाहिजे, म्हणजे स्फटिकाला विद्युद्दाब दिला तर त्याने आकार बदलला पाहिजे. आणि क्यूरी बंधूंनी तेही लगोलग पडताळून पाहिले. या गुणाला आपल्याकडे दाबविद्युत् असे नाव आहे. स्फटिक मात्र ठिसूळ. त्याची घडी घालता येत नाही, त्याचा पडदा करता येत नाही. १९६९ साली जपानमध्ये हेइजी कावाई यांना असे आढळले की पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड या प्लॅस्टिकची फीत ताणून लांब केली आणि तापवलेल्या अवस्थेत तिला तीव्र विद्युत्‌क्षेत्रात ठेवली, तर तिच्यातल्या रेणूंची तोंडे एका दिशेला वळून स्थिर होतात आणि तिच्या अंगी दाबविद्युत् गुण मोठ्या प्रमाणावर येतो. या लांबलचक नावाच्या प्लॅस्टिकला सगळे जण पीव्हीडीएफ म्हणतात. कावाईंच्या शोधानंतर काही वर्षांतच जपानच्या पायोनियर कंपनीने अशा पटलाचे हेडफोन बाजारात आणले, आणि चुंबकावाचून, गुंडाळीवाचून, शंकूवाचून बोलणारी वस्तू सामान्य माणसाच्या कानापर्यंत पोचली.

पण हे पटल हलते तरी किती? माझ्याजवळचा पापुद्रा २८ मायक्रॉन जाडीचा आणि १० सेंटिमीटर लांबीरुंदीचा आहे. त्याला १०० व्होल्टचा दाब दिला तर त्याची जाडी सुमारे ३ नॅनोमीटरने बदलते, आणि एवढ्याशा हालचालीने हवेला काही कळण्याचीही शक्यता नसते. लांबीचे मात्र तसे नाही: तोच दाब पटलाला त्याच्या लांबीच्या दिशेने सुमारे ८ मायक्रॉन ताणतो किंवा आखडतो, आणि ८ मायक्रॉन म्हणजे ध्वनीच्या दृष्टीने बऱ्यापैकी भांडवल आहे. हे भांडवल वापरण्याची युक्ती एकच. पटल सपाट न ठेवता त्याला कमानीसारखा बाक द्यायचा आणि दोन्ही कडा घट्ट धरून ठेवायच्या, म्हणजे लांबी वाढली की कमान बाहेर फुगते, आखडली की आत बसते, आणि लांबीतला बदल हवेला ढकलणाऱ्या हालचालीत परिणत होतो. पतंगाच्या कामटीला दिलेला बाक ज्याने पाहिला आहे त्याला हे अधिक समजावून सांगायला नको. माझ्या पहिल्या प्रयोगात पटल टेबलावर सपाट पडलेले होते. विवर्धक कितीही समर्थ असता तरी त्यातून काही ऐकू येणे कठीणच होते.

आता शीतक का तापला त्याकडे येतो. धातूचे दोन पातळ थर आणि मध्ये वीज न वाहू देणारा पदार्थ, ही संधारित्राची, म्हणजे कारागिरांच्या बोलीतल्या कंडेन्सरची, व्याख्या आहे, आणि आपला पापुद्राही तंतोतंत तसाच आहे: मध्ये प्लॅस्टिक, दोन्ही अंगांना धातूचा लेप. पीव्हीडीएफची विद्युत् साठवण्याची शक्ती हवेच्या सुमारे बारापट असल्यामुळे, माझ्या पापुद्र्याची धारिता हिशेबाने ३८ नॅनोफॅरड येते. संधारित्राचा स्वभाव असा की मंद कंपनांना तो जवळजवळ दाद देत नाही आणि द्रुत कंपनांपुढे त्याचा प्रतिकार नाहीसा होत जातो. सेकंदाला १०० कंपने असलेल्या स्वराला हा पापुद्रा सुमारे ४२ हजार ओहमचा भासतो, १ हजार कंपनांना ४,२०० ओहमचा, आणि माणसाच्या श्रवणाची जी वरची मर्यादा मानतात त्या २० हजार कंपनांना अवघ्या २०९ ओहमचा. आठ ओहमच्या ध्वनिक्षेपकाशी तुलना करता २०९ ओहम हा आकडा वाचकाला निरुपद्रवी वाटेल. परंतु येथे दाब ९ व्होल्टचा नसून १०० व्होल्टचा आहे, आणि त्या दाबाला २० किलोहर्ट्झवर जवळजवळ अर्धा अँपिअर प्रवाह लागतो.

त्याहून विलक्षण गोष्ट ही की हा प्रवाह खर्च होतच नाही. शुद्ध संधारित्र वीज वापरत नाही. आवर्तनाच्या एका चतुर्थांशात तो विद्युद्भार उचल म्हणून घेतो आणि पुढच्या चतुर्थांशात त्याची परतफेड करतो, आणि वर्षअखेरीस वही पाहिली तर त्याच्या नावावर जमा आणि नावे सारखेच दिसतात. मग उष्णता आली कोठून? ती आली विवर्धकाच्या कोठारातून, कारण साध्या विवर्धकात परत आलेला विद्युद्भार तिजोरीत पुन्हा भरून घेण्याची तजवीजच नसते. जाताना आणि येतानाही तो निकासीच्या, म्हणजे आउटपुटच्या, ट्रान्झिस्टरांतून जातो, आणि दोन्ही वेळेला त्यांच्या अंगावर उष्णता टाकून जातो. धन आणि ऋण १०० व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या विवर्धकाने हा पापुद्रा २० किलोहर्ट्झच्या अखंड स्वरावर पूर्ण दाबाने चालवला, तर पुरवठ्यातून सुमारे ३० वॅट खेचले जातात आणि ते जवळजवळ सगळे शीतकावर प्रकट होतात. पापुद्रा स्वतः थंडच. १ किलोहर्ट्झवर हाच आकडा दीड वॅट आहे. संगीतात इतके उंच स्वर इतक्या जोराने अखंड येत नाहीत, म्हणून रोजच्या वापरात एवढी उष्णता होत नाही हे खरे. पण माझ्या टेबलावर तर संगीत सुरूही झाले नव्हते आणि शीतक तापला होता. तेव्हा कोणीतरी, माझ्या कानाला ऐकू न येणाऱ्या कंप्रतेवर, तो पापुद्रा अखंड चालवीत होते. दोलनदर्शकाचा, म्हणजे ऑसिलोस्कोपचा, प्रोब लावून पाहिले तो पडद्यावर कित्येक लाख कंपनांचा एक जाड हिरवा पट्टा दिसला. विवर्धक स्वतःच गात होता.

हे गाणे का सुरू होते हे समजण्यासाठी विवर्धकाच्या अंतरंगातली एक व्यवस्था पाहणे अवश्य आहे. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी, हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्कला कामावर जाणाऱ्या नावेत, बेल प्रयोगशाळेतल्या हॅरल्ड ब्लॅक या तरुण अभियंत्याला एक कल्पना सुचली आणि त्यांनी ती हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच लिहून काढली. विवर्धकाच्या निकासीतून थोडासा अंश मागे आणावा, मूळ संदेशाशी त्याची रुजवात घालावी, आणि जी तफावत आढळेल तिच्यावरूनच पुढचे काम चालवावे, म्हणजे विवर्धकाच्या चुका त्याच्याच हातून दुरुस्त होत राहतील, असा त्या कल्पनेचा मथितार्थ. यालाच ऋण प्रत्याभरण म्हणतात. कारागीर ‘निगेटिव्ह फीडबॅक’ म्हणतात. आज असा विवर्धक विरळा की ज्यात ही व्यवस्था नाही.

पण या व्यवस्थेची एक अट आहे. दुरुस्तीचा हुकूम वेळेवर पोचला पाहिजे. झोपाळा थांबवू पाहणारा मनुष्य झोपाळा आपल्याकडे येत असताना हात पुढे करील तर झोपाळा थांबेल. त्याचा हात अर्ध्या झोक्याने उशिरा पुढे आला, तर थांबवण्याच्या हेतूने दिलेला तोच धक्का झोका वाढवीत जाईल. विवर्धकाच्या निकासीत स्वतःचा थोडा रोध असतोच. त्याच्यापुढे संधारित्र आला की रोध आणि संधारित्र मिळून दाबाला विलंब लावतात, हा विलंब उंच कंप्रतेला अधिकाधिक जाणवतो, आणि विवर्धकातल्या इतर विलंबांशी त्याची बेरीज होऊन अर्धे आवर्तन भरले, आणि त्या कंप्रतेला विवर्धन अजून शिल्लक असले, की दुरुस्तीचा हुकूम बिघाडाचा हुकूम बनतो. आठ ओहमच्या रोधकावर हा प्रसंग येत नाही. म्हणून माझा विवर्धक दोन दिवस निर्दोष ठरला होता. मी त्याला चुकीच्या साक्षीदारापुढे उभा केला होता.

उपाय साधा आहे, आणि तो साधा आहे म्हणूनच नवशिका त्याच्यावर विश्वास ठेवीत नाही. विवर्धकाची निकासी आणि पापुद्रा यांच्या मध्ये एक लहान रोधक घालायचा, आणि प्रत्याभरणाची तार रोधकाच्या अलीकडून, विवर्धकाच्या बाजूने, घ्यायची. म्हणजे उंच कंप्रतेला विवर्धकापुढे संधारित्र उभा राहत नाही, रोधक उभा राहतो. मी ४७ ओहमचा घेतला. ३८ नॅनोफॅरडशी त्याचे गणित मांडले तर स्वर अर्ध्या शक्तीवर येण्याची कंप्रता ८९ किलोहर्ट्झ निघते, आणि २० किलोहर्ट्झवर होणारी घट कानाला कळणारही नाही इतकी, पाव डेसिबेलच्याही आत, राहते. हा रोधक मात्र पाव वॅटचा घेऊन चालत नाही. परीक्षेत उंच स्वर चढवले की त्याच्यावर पाच वॅटपर्यंत उष्णता येते, म्हणून १० वॅटचा, पांढऱ्या सिरॅमिकच्या पेटीतला, घ्यावा आणि पाटीपासून थोडा उचलून बसवावा.

आता १०० व्होल्ट आणायचे कोठून, हा प्रश्न उरतो, आणि त्याला दोन मार्ग आहेत. पहिला गरिबाचा, आणि माझ्या मते शिकणाऱ्याने आधी हाच धरावा. आपल्याकडे उत्सवाच्या मांडवांतून दूरदूरच्या कर्ण्यांपर्यंत आवाज पोचवण्यासाठी १०० व्होल्टची जी लाइन टाकतात, तिच्या प्रत्येक कर्ण्यापाशी एक लहान रोहित्र, म्हणजे लाइन ट्रान्सफॉर्मर, बसवलेले असते. ते १०० व्होल्ट उतरवून आठ ओहमच्या कर्ण्याला देते. पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे रोहित्र सहज मिळते. ते उलटे जोडायचे: आठ ओहमच्या बाजूला साधा १० वॅटचा विवर्धक, आणि १०० व्होल्टच्या बाजूला पापुद्रा. १० वॅटच्या रोहित्राचे गुणोत्तर सुमारे ११ असते, तेव्हा विवर्धकाचे ९ व्होल्ट पलीकडे १०० व्होल्ट होऊन निघतात.

पण रोहित्र फुकट काही देत नाही. दाब अकरापट होतो तेव्हा पलीकडची धारिता अलीकडे अकराच्या वर्गाने, म्हणजे सुमारे सव्वाशेपट, वाढून दिसते. ३८ नॅनोफॅरडचा तो नाजूक पापुद्रा विवर्धकाला पावणेपाच मायक्रोफॅरडचा अजस्र संधारित्र भासतो, आणि २० किलोहर्ट्झवर त्याचा प्रतिकार पावणेदोन ओहमसुद्धा राहत नाही. आठ ओहमसाठी बांधलेल्या विवर्धकाला हा जवळजवळ शॉर्टच आहे. म्हणून येथेही रोहित्राच्या आधी ४.७ ओहमचा रोधक घालावा लागतो, आणि तो घातला की सुमारे ७ किलोहर्ट्झच्या पुढचे स्वर उतरू लागतात. प्रथम मला ही हानी वाटली. पुढे पापुद्र्याचा स्वभाव कळल्यावर ती सोय वाटली, कारण हा ध्वनिक्षेपक मुळातच वरच्या सप्तकात अधिक मोठ्याने बोलतो आणि त्याला तेथे थोडा आवर घातलेला बरा. दुसरी अडचण रोहित्राच्या गळतीची. प्राथमिक गुंडाळीचा सगळा चुंबकीय प्रभाव दुय्यम गुंडाळीपर्यंत पोचत नाही. जो निसटतो तो पापुद्र्याच्या संधारित्राशी संगनमत करून एखाद्या ठिकाणी अनुनाद उभा करतो. ही गळती १० मिलिहेन्री असेल तर आपल्या पापुद्र्यासह अनुनाद सुमारे ८ किलोहर्ट्झवर येतो, म्हणजे ‘स’ आणि ‘श’ यांच्या नेमक्या वस्तीत, आणि निवेदकाचा प्रत्येक सकार कानाला बोचू लागतो. तिसरी गोष्ट, मंद्र स्वरांत रोहित्राचा लोखंडी गाभा संपृक्त होतो. कंप्रता निम्मी झाली की गाभ्यावरचा चुंबकीय ताण दुप्पट होतो. म्हणून ३०० हर्ट्झच्या खालचे स्वर विवर्धकाच्या दारातच अडवावेत.

दुसरा मार्ग म्हणजे धन आणि ऋण १२० व्होल्टच्या पुरवठ्यावर थेट चालणारा विवर्धक. यात रोहित्राच्या खोडी नाहीत, आणि जे काही बरेवाईट होईल ते बांधणाऱ्याच्या अंमलात असते. पण येथे ट्रान्झिस्टर ३०० व्होल्ट सोसणारे निवडावे लागतात, आणि वेगाचाही एक हिशेब असतो: २० किलोहर्ट्झवर १०० व्होल्टचे शिखर गाठायचे तर निकासीला प्रत्येक मायक्रोसेकंदाला सुमारे साडेबारा व्होल्ट चढता आले पाहिजे. जो विवर्धक इतका चपळ नाही तो गोल तरंगाचा त्रिकोण करून टाकतो. आणि येथे जिवाला धोका आहे हे मी स्पष्ट सांगतो. दोन टोकांत २४० व्होल्टची एकदिश वीज असलेल्या पाटीवर काम करताना एक हात खिशात ठेवण्याचा जुन्या रेडिओवाल्यांचा नियम अक्षरशः पाळावा, आणि पुरवठ्याच्या मोठ्या कंडेन्सरांवर रिकामे करणारे रोधक कायमचे बसवल्यावाचून खटका दाबू नये.

परीक्षेचे काम बांधणीहून मोठे आहे. मला तर तेच अधिक आवडते. पहिल्या दिवशी पापुद्रा कपाटात ठेवून द्यावा. त्याच्या जागी ३३ आणि ४.७ नॅनोफॅरडचे दोन पॉलिप्रोपिलीनचे कंडेन्सर समांतर जोडावे, म्हणजे ३७.७ नॅनोफॅरडचा एक तोतया पापुद्रा मिळतो जो जळला तरी दुःख नाही. हे कंडेन्सर ४०० व्होल्टच्या वरचे असावेत, आणि स्वस्त सिरॅमिकचे नसावेत, कारण त्यांतल्या पुष्कळांची धारिता दाब चढताच घटते आणि साक्ष खोटी पडते. मग मुख्य विजेच्या वाटेत, विवर्धकाच्या आधी, ६० वॅटचा तारेचा दिवा एकसरीत जोडावा. खटका दाबताच दिवा क्षणभर उजळून मंदावला तर बहुधा सगळे ठीक आहे. तो पूर्ण तेजाने जळत राहिला तर पाटीवर कोठेतरी शॉर्ट आहे, आणि जे ट्रान्झिस्टर जळायचे ते दिव्याने आपल्या अंगावर घेतले आहे. नंतर निकासीवरचा स्थिर दाब मोजावा. तो ५० मिलिव्होल्टच्या आत असावा. साधा मल्टिमीटर येथपर्यंतच सोबत करतो. पुढचे माप, १० किलोहर्ट्झवरचे व्होल्ट, त्याला विचारू नये. बहुतेक मल्टिमीटर ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेले असतात आणि वरच्या कंप्रतेवर मोठ्या आत्मविश्वासाने चुकीचा आकडा सांगतात.

यापुढे दोलनदर्शकच हवा, आणि त्याचा प्रोब दहापटीच्या स्थितीत हवा. विवर्धकाला लहानशा उंचीचा, १ किलोहर्ट्झचा चौकोनी तरंग द्यावा आणि निकासीचा कोपरा पाहत बसावे. चौकोनी तरंगाचा उभा चढ हा विवर्धकाच्या स्थैर्याला दिलेला एक धक्का असतो. धक्का बसल्यावर रेषा एकदा किंचित उसळून स्थिरावली तर दुरुस्तीचे हुकूम वेळेवर पोचत आहेत. ती पाचसहा वेळा थरथरली तर विवर्धक काठावर उभा आहे, आणि उन्हाळ्यात, किंवा तार हातभर लांब झाल्यावर, तो केव्हाही गाऊ लागेल. येथे मी ४७ ओहमचा रोधक काढून १०चा, मग २२चा, मग पुन्हा ४७चा असा क्रमाने बसवून पाहिला, आणि प्रत्येक वेळी थरथर कमी कमी होत गेलेली पडद्यावर पाहिली. पुस्तकात वाचलेले गणित डोळ्यांसमोर घडताना पाहण्याचा तो आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे. त्यानंतर तोतयाची धारिता निम्मी करून आणि दुप्पट करूनही पाहावे, कारण उद्या कोणी याच विवर्धकाला मोठा पापुद्रा जोडील. शेवटी गोल तरंग पूर्ण दाबाने, ३०० हर्ट्झपासून वर चढवीत न्यावा आणि एक हात वेळोवेळी शीतकाजवळ नेत राहावा.

तोतयावर सर्व काही उतरले की मगच खरा पापुद्रा बाहेर काढावा. त्याला डाख देण्याचा मोह आवरावा. पीव्हीडीएफला सुमारे ८० अंश सेल्सियसच्या वर फार काळ ठेवले तर रेणूंची वळवलेली तोंडे पुन्हा वाटेल तिकडे फिरतात आणि ते साधे प्लॅस्टिक होऊन बसते, आणि डाख तर ३०० अंशांच्या आसपास दिला जातो. मी एक कोपरा असाच गमावला. तो क्षणात सुरकुतला. तार आधी तांब्याच्या चिकटपट्टीला डाखावी, पट्टी गार होऊ द्यावी, आणि मग ती धातूच्या लेपावर चिकटवून वरून प्लॅस्टिकच्या चिमट्याने धरावी. पापुद्र्याच्या दोन टोकांत एक मेगओहमचा रोधक असावा, म्हणजे वीज बंद केल्यावर त्याच्यावरचा भार डोळ्याचे पाते लवण्याच्या आत निघून जातो.

बाक दिलेला पापुद्रा पहिल्यांदा बोलला तेव्हा त्याचा आवाज स्वच्छ पण पत्र्यासारखा होता. ताणलेल्या पटलाची स्वतःची कंपने असतात आणि ती एकमेकांशी सुरात नसतात. तबल्याच्या पुडीवर शाई चढवून आपल्या कारागिरांनी ती सुरात आणली, आणि त्यामागचे शास्त्र चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली ‘नेचर’ नियतकालिकात मांडले. ध्वनिक्षेपकाला स्वतःचा सूर नकोच असतो, म्हणून येथे उलटा उपाय: पापुद्र्याच्या पाठीशी मऊ फेल्टचा तुकडा हलकेच टेकवला, आणि पत्र्याचा आवाज पुष्कळसा गेला. मंद्र स्वर मात्र आले नाहीत, आणि येणारही नव्हते. तेवढ्याच मोठ्याने ऐकू यावा म्हणून स्वर एक सप्तक खाली आणला की पटलाला चौपट हलावे लागते. १ किलोहर्ट्झवरून १०० हर्ट्झवर आले तर शंभरपट. ८ मायक्रॉनच्या भांडवलावर हा खर्च झेपत नाही.

ज्यांनी मोठ्या मनाने हा खर्च झेपवला, त्यांत इंग्लंडमधल्या हंटिंग्डनचे पीटर वॉकर यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. त्यांचा क्वाड ध्वनिक्षेपक, १९५७ साली विक्रीस आलेला, दाबविद्युत् जातीचा नव्हता. त्यात पातळ पटलावर हजारो व्होल्टचा स्थिर भार ठेवून त्याला दोन सच्छिद्र पत्र्यांच्या मध्ये झुलवले होते. पण विवर्धकाला तोही संधारित्रच दिसतो, आणि मोठमोठे विवर्धक त्याच्यापुढे का अडखळत याची कारणे वर आली तीच आहेत. अलीकडे, २०२२ साली, अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जिंची हान, व्लादिमीर बुलोविच आणि जेफ्री लँग यांनी ८ मायक्रॉन जाडीच्या पीव्हीडीएफवर सुमारे १५ मायक्रॉन उंचीचे असंख्य सूक्ष्म घुमट उठवले, म्हणजे एका मोठ्या कमानीऐवजी हजारो चिमुकल्या कमानी केल्या, आणि त्यामुळे ते पटल भिंतीला चिकटवले तरी बोलू लागले. २५ व्होल्टवर, १ किलोहर्ट्झला ६६ डेसिबेल आणि १० किलोहर्ट्झला ८६ डेसिबेल, असे त्यांचे माप आहे. वरच्या सप्तकाकडे झुकण्याचा पापुद्र्याचा जातिस्वभाव याही आकड्यांत स्वच्छ दिसतो.

माझ्या पापुद्र्यावर मी शेवटी तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण लावले. तंबोऱ्याची जवारी म्हणजे उंच स्वरांचे भांडार, आणि ते भांडार या रुपेरी पटलाने असे उघडून दाखवले की तार छेडल्यानंतर एकामागून एक उमलत जाणारे अंतःस्वर वेगवेगळे मोजता यावेत. खर्जाची तार ७० हर्ट्झच्या आसपासची. माझ्या मंडलात तर ३०० हर्ट्झच्या खालचे स्वर दारातच अडवलेले होते. तरीही खर्ज ऐकू येत होता. वरच्या स्वरांतले अंतर ओळखून कान खालचा स्वर स्वतः उभा करतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. त्या रात्री मी दोलनदर्शकाच्या पडद्यावर खर्जाचा मागमूस नाही हे पाहत होतो आणि खर्ज ऐकत होतो. अर्ध्या तासाने शीतकावर हात ठेवून पाहिला. तो कोमट होता.